ऊन चढलं की मिटणारं फूल

आदरणीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी ही सभा भरली त्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई,

निरोप समारंभ इतक्या सकाळी कुणी ठेवतं का, असं कुरकुरतच बरेच जण आत आलात. कारण सांगतो.

प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत एक निळं रानफूल येतं. रोप वीतभर, पाकळ्या पाच, पानांवर मऊ लव. वनस्पती वर्षायू, रुजण्यापासून बी धरून वाळण्यापर्यंतचा सगळा संसार काही महिन्यांत आटोपतो. फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं.

तिथे फरशी घालून गाड्या लावायचं ठरलं, तेव्हा बाईंनी हरकत घेतली. पाहणीला समिती आली. आता समितीच ती, जेवणखाण उरकल्याशिवाय हलते थोडीच? दुपारी आली, तिला गवत दिसलं. पुन्हा आली ती उन्हाळ्यात, तेव्हा नुसती माती. अध्यक्षमहाशय, राग मानू नका, पण "बाई, तुमचं फूल आहे कुठे?" असं आपणच विचारलं होतंत.

बाई म्हणाल्या, "तुमच्या बुटाखाली आहे. सध्या बी आहे."

बाईंनी वाद घातला नाही. फुलं आल्यावर समितीची बैठक त्यांनी सकाळी, तिथल्याच पायऱ्यांवर बोलावली. चहाही तिथेच. प्राचार्य कप हातात धरून चहा गार होईपर्यंत फुलंच पाहत राहिले. गाड्यांना दुसरीकडे जागा मिळाली.

मी बाईंचा विद्यार्थी, आता इथेच त्यांचा सहकारी. वर्गात माझं तोंड उघडत नसे, त्यामुळे सगळ्यांनी मला ठोंब्या ठरवून टाकलं होतं. बाई मात्र चुकीच्या वेळी येऊन निकाल देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या वाट पाहत राहिल्या. आज मी इथे उभा राहून बोलतोय ते त्यांच्यामुळे, आणि हे ऋण मला मनापासून आवडतं.

काल कपाट आवरताना बाईंना एकच घोर होता: आपण गेल्यावर वाळलेली रोपं कचरा समजून कुणी उपटेल. बाई, सगळ्यांदेखत शब्द देतो. बोंडं तडकून बी मातीत पडेपर्यंत त्या काड्यांना कुणी हात लावणार नाही. अध्यक्ष मान डोलावताहेत, म्हणजे ठरलं.

पुष्पगुच्छ आणलेला नाही. फुलं तोडली म्हणून बोलणी कोण खाणार? आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. मागचं दार उघडं ठेवलंय, तिकडे फुलं उमललीत. ऊन चढायच्या आत, बाई, आधी तुम्ही चला.