जुनी प्रत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन प्रोग्रामर बसले होते.

"तू कोड लिहितोस त्या एडिटरला जोडलेलं ते पॅकेज बिघडलं होतं ना? लिहिलेलं हवं तितकं मागे घेऊ देणारं?"

"हो. म्हणून बनवणाऱ्याला मी नेटवर सगळ्यांदेखत नको नको ते लिहिलं."

"अरे, फुकट देतो बिचारा!"

"आणि चूक माझीच निघाली. मीच आणखी एक पॅकेज टाकलं होतं, त्या दोन्हींची एकाच बटणावरून जुंपली."

"तो काय म्हणाला?"

"'त्रासाबद्दल माफ करा' म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पॅकेजच नेटवरून काढून टाकलं."

"मग तू माफी मागितलीस?"

"कुठल्या तोंडानं मागू?"

"आणि आता काम कसं करतोस?"

"माझ्याकडे त्याची जुनी प्रत आहे ना... तीच वापरतोय."