बाबांचं हूं

तुम्हाला सांगते, अपसामान्य मानसशास्त्र हा विषय घेतला आणि मला नांदेडात जो तो पेशंट दिसायला लागला. पण खरी घाबरले ते सुट्टीत देगलूरला घरी गेल्यावर. दुपारी आई ज्वारी निवडत अंगणातल्या रिकाम्या बाजेशी बोलत होती. बाज बाबांची. त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली.

"अहो, ऐकलं का, म्हशीनं आज पान्हा चोरला."

भास होणं, आमच्या पुस्तकातलं अगदी ठळक लक्षण. मी वही घेऊन जवळ बसले. सरांनी शिकवलं तसं हळू आवाजात विचारलं, "आई, बाबा तुला उत्तर देतात का गं?"

आईनं सुपातला खडा बाजूला टाकला. "जिते व्हते तवा तरी कुठं देत व्हते? नुसतं हूं म्हणायचे."

"आन् आता?"

"आता हूं झालं असं समजते, आन् पुढचं बोलते."

ती सूप घेऊन आत गेली. लिंबाची सावली बाजेवर सरकत आली होती. मी वही मिटली.

"बाबा," म्हटलं, "परीक्षेची लई भीती वाटायली."

आणि हूं ऐकल्यावरच उठले.