एकच कोंबडा ठेवायचा

नाही पण तुम्हीच सांगा, माणसानं निवडायचं म्हणजे निवडायचं कसं? वीस-बावीस कोंबडे, कोंबड्या नाही, कोंबडे, नर, सगळे एका वयाचे, सगळे काळेकुळकुळीत, सगळ्यांना एकाच आठवड्यात कंठ फुटलेला, आणि मर्लबाई फाटकाशी उभी राहून मला म्हणते, "ब्रॉडी, एक ठेव, बाकीचे काप." एक ठेव! जसं काही मी बिस्किटांच्या ताटलीपुढे उभा आहे.

तुम्हाला सांगतो, ते कोंबडे माझे नाहीतच. ते गार्थचे. गार्थ म्हणजे माझा थोरला भाऊ. नोव्हेंबरात गेला. इथं गिप्सलँडात सगळे उतारच उतार, चारचाकी मोटारसायकल उलटली, गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही आणि मी सांगणारही नाही, मला कोंबड्यांचं सांगायचंय. तर गार्थकडे ऑस्ट्रेलॉर्प जातीच्या कोंबड्या. अस्सल. काळं पीस, पण उन्हात आलं की भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी झाक. लोक यायचे बघायला. आणि गार्थ गेला तेव्हा उबवणीच्या पेटीत अंडी होती. आता अंड्याला काय कळतंय घरात काय झालंय ते? त्यांचे दिवस भरले की ती फुटणार, आणि भरले कधी? अंत्यविधीच्या दिवशी.

मी उसना कोट घालून पहिल्या बाकावर. पाद्री सांगतोय गार्थ किती शांत, किती कष्टाळू, आणि माझ्या डोक्यात एकच, पेटीत पाणी घातलं होतं की नाही... मग हॉलमध्ये बायका सँडविच वाटायला लागल्या तसा मी सटकलो, गाडी काढली, घरी. पिल्लं फुटताना पेटीचं झाकण उघडायचं नसतं. गार्थनं शंभरदा सांगितलेलं. मी उघडलं. एक पिल्लू अर्धं कवचात अडकलेलं, ओलं, चिंधीसारखं, मी ते नखानं सोडवलं, कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि परत हॉलमध्ये. लोक येऊन मिठ्या मारतायत, "धीर धर रे ब्रॉडी," आणि मी एका हातानं छाती झाकून म्हणतोय, "हळू... हळू." त्यांना वाटलं पोराच्या काळजाला लागलंय. लागलं होतंच की. पण खिशात पिल्लूही होतं ना.

त्याचं नाव मी खिशा ठेवलं. आणि तिथंच चुकलं, असं मर्लबाई म्हणते. "नाव ठेवलंस की हात बांधले गेले."

ही मर्लबाई कोण, तर पलीकडच्या टेकडीवरची म्हातारी. गार्थला पहिली जोडी हिनंच दिलेली, हिच्या वडिलांच्या वेळेपासूनचं रक्त ते. मग एका हिवाळ्यात कोल्हा शिरला आणि हिच्या खुराड्यात एक पीस जागेवर राहिलं नाही. म्हणजे आता ते रक्त कुठं उरलं? फक्त आमच्याकडे. म्हणून ती दर शनिवारी यायची, काठी टेकत, आणि विचारायची, "निवडलास?" मी म्हणायचो, "बघतोय." "बघतोयस काय, ते भांडायला लागलेत, एकमेकांचे तुरे फोडतील, आणि त्याच्याआधी तलंगांवर, तरण्या माद्यांवर, चढतील. भलत्या कोंबड्याची पिल्लं झाली की तीन वर्षांत तुझ्याकडे नुसत्या काळ्या कोंबड्या उरतील. तसल्या सगळ्यांकडे आहेत." 

बरं, तलंगांचं तिनं चहा गार व्हायच्या आत उरकलं. बोटं घालून हाडं चाचपली, डोळ्यात बघितलं, "ही ठेव, ही दे, ही दे." तलंगांना गिऱ्हाईक असतं हो, अंडी देतात. कोंबड्याला कोण विचारतो? मी विचारून पाहिलं. पबच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, कोंबडे फुकट, चांगल्या घरी. एक माणूस आला, वॉरन, खालच्या डेअरीवरचा. एक उचलून घेऊन गेला. मी म्हटलं, चला, सुटला एक. संध्याकाळी वॉरन परत दारात. काखेत आमचा कोंबडा, आणि दुसऱ्या काखेत आणखी एक, पांढरा. "बायको म्हणते दोन्ही नकोत. तुझ्याकडे सोय आहे तर..." मी ठेवून घेतला. काय करणार? तो दमलेला दिसत होता. वॉरन नाही, कोंबडा.

घरात लिनेट, म्हणजे गार्थची बायको, आमची वहिनी. आरवण्यापायी ती उशी डोक्यावर दाबून झोपायची. एकदा सकाळी गाऊनवरच अंगणात आली, केस उभे, म्हणाली, "ब्रॉडी, मला त्याची आठवण येते. मला रडायचंय. पण यांच्या आरवण्यात मला माझंच रडू ऐकू येत नाहीये." मी म्हटलं, करतो. आजच करतो.

आणि गेलो. आमच्या अंगणात शेडच्या खांबाला एक नारिंगी सुळका उलटा ठोकलेला आहे, रस्त्याचं काम चालू असतं तिथं मांडतात ना, तो. गार्थ रस्त्याच्या कामावरच होता, कुठून आणला विचारू नका. टोक कापलेलं, कोंबडा उलटा आत सरकवायचा, खालून मुंडकं बाहेर येतं, फडफडत नाही, एक सुरी, संपलं. इथं निम्म्या घरांत तसलाच सुळका. मी पहिला कोंबडा धरला. बघतो तर त्याच्या पायाला जुना व्रण, पिल्लू असताना माझ्याच बुटाखाली आलेला. म्हटलं, हा राहू दे. दुसरा धरला, हा तो, जो ख्रिसमसला खिडकीतून स्वयंपाकघरात आला आणि गार्थ गेल्यापासून पहिल्यांदा लिनेट त्या घरात मोठ्यानं हसली. म्हटलं, हा राहू दे. तिसरा आडदांड, छाती अशी, चालतो थेट गार्थसारखा, खांदे उडवत. याला कापू? हा राहू दे. चौथ्याला मान वाकडी करून बघायची सवय, पाचवा गरीब आहे, सहाव्याला सगळे मारतात, सातवा मारतो पण मनानं वाईट नाही... दुपारपर्यंत मी सगळे एकेकदा उचलले, सगळे एकेकदा खाली ठेवले, मधेमधे सुरीला धार मात्र तेवढी लावून झाली.

शेवटच्या शनिवारी मर्लबाई आली ती दोन पेट्या घेऊन. एक उजवीकडे ठेवली, ठेवायच्याची, एक डावीकडे, कापायच्यांची. गार्थ असंच करायचा. पक्षी उचलायचा, उलटायचा, गप्प राहायचा, आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे. मी नुसता पेटीचं झाकण धरायला. कधी विचारलं नाही हा का आणि तो का नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

"माझ्या हातात आता सुरी राहत नाही," मर्लबाई म्हणाली. "आणि डोळेही अधू झालेत. तू उचल, तू सांग. डोळा कसला आहे?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे? तो मुलगी बघायला आलाय का? काळा की नारिंगी?"

"...नारिंगी."

"डावीकडे."

"पण मर्लबाई, हा तो खिडकीतला..."

"खिडकी रक्तात उतरत नाही. डोळा उतरतो. पुढचा."

पुढच्याचे तळवे पांढरे हवेत, याचे पिवळट. डावीकडे. पुढच्याची झाक जांभळी. डावीकडे. तो गार्थसारखा चालणारा, त्याच्या छातीचं हाड वाकडं, म्हणून खांदे उडवत होता तो. डावीकडे. आणि तुम्हाला सांगतो, आठ-दहा झाल्यावर मर्लबाई विचारायची थांबली. मीच उचलत होतो, उलटत होतो, ठेवत होतो. तोंडातून शब्द नाही. माझ्या तोंडातून! मला लहानपणापासून ओळखणारी माणसं यावर विश्वास ठेवणार नाहीत.

मग खिशा. तो काय, हाक मारायच्या आत खांद्यावर. त्याचा डोळा काळा, तळवा पांढरा, झाक हिरवी. आणि तुऱ्याच्या बाजूला एक इवलासा कोंब फुटलेला, आडवा. मला तो दोन महिने माहीत होता. मी अंगठ्यानं दाबून बसवायचो रोज. मर्लबाईनं नुसतं बोट फिरवलं. तिला सापडला.

"कात्रीनं उडवतो," मी म्हटलं. "इतकुसा तर आहे."

"तुरा कापशील. त्याच्या पोरांचा? त्यांच्या पोरांचा?"

मी त्याला डावीकडे ठेवलं.

खुराड्यात आता एकच उरला होता, मागे, पाण्याच्या भांड्यापाशी. हा कोण? खरंच सांगतो, मी त्याला पाहिलेलाच नव्हता. म्हणजे पाहिला असणार, दाणे टाकले असणार, पण त्याची एक गोष्ट मला आठवेना. उचलला. डोळा काळा. तुरा सरळ, स्वच्छ. तळवे पांढरेधोप. छाती रुंद, हाड सरळ. उन्हात धरला तर मानेपासून शेपटीपर्यंत हिरवा. "हा कुठून आला?" मी म्हटलं.

"अंड्यातून," मर्लबाई म्हणाली. मग तिनं तो माझ्याकडून घेतला, काखेत धरला आणि त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत राहिली. "वडिलांचे पक्षी असे दिसायचे. वसंतात दोन तलंगांबरोबर महिनाभर मला देशील?" म्हटलं, देईन. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली की हवेत परागकण फार झालेत. एप्रिलमध्ये! इथं तेव्हा पानगळ असते.

मग मी सुळक्यापाशी गेलो. कोंबडा उलटा धरला की शांत होतो. पहिला केला. दुसरा केला. मर्लबाई स्टुलावर बसून पिसं उपटत होती, लिनेट गरम पाण्याच्या बादल्या आणत होती, वॉरनचा पांढराही गेला, त्याचं मला जड जाईल वाटलं होतं, गेलं नाही. खिशाला मी शेवटी ठेवला होता. त्याला उचलला तर तो कोटाच्या आत डोकं घालायला लागला.

आणि मर्लबाई, जिनं मला पाच शनिवार फाडून खाल्लं, ती हातातलं पीस बघत म्हणते, "ब्रॉडी. हा राहू दे हवं तर. वेगळ्या पिंजऱ्यात."

मी त्याचं डोकं कोटातून बाहेर काढलं. मग म्हटलं, नको. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला तरी दार उघडणारा मीच ना. एखाद्या सकाळी मला वाटेल, बिचारा एकटा आहे. मला मी ओळखतो. मी केलं.

रविवारी लिनेटनं एक भाजला, बटाटे, भोपळा, वर ग्रेव्ही. कोणता ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी दोनदा वाढून घेतलं. लिनेट मधेच रडली, चांगली मोकळी रडली, कोणी आरवलं नाही.

आता अंगणात शांत आहे. तो एकटा फिरतो तलंगांमधून, राजासारखा. मी त्याला हाक मारतो, येत नाही. हातावर दाणे धरतो, बघतसुद्धा नाही. ज्यांना माझा लळा होता ते सगळे फ्रीझरमध्ये, आणि उरलाय कोण, तर हा. रोज सकाळी मी फाटक उघडून आत जातो, आणि विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघतो, दाणे टाकून झाले का, मग निघा आता.