भैरोबाचा उजवा कौल

आम्ही गुरव. गाव आमचं शेवगावकडं, कोरड्या अंगाला. सगळा उघडा माळ आणि मधी तेवढं भैरोबाचं बन होतं, लिंब, हिवर, पिंपरण, आणि त्यांच्या सावलीत शेंदराचा दगड. देवाला ना भिंत ना छप्पर. बनातली वाळकी काडी कुणी घरी न्यायचं नाही, पडली तिथंच कुजायची. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, दगड नुसता बसायचा पाट हाय रं, देव झाडात ऱ्हातो. पण काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या गावचे गुरव फरशीवर बसतात आणि मी पाचोळ्यात, याची मला लाज वाटायची.

मग गावानं सभामंडप बांधायचं काढलं. झाडं तोडावी लागणार होती, म्हणून कौल लावायचा ठरला. दगडाच्या दोन खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नाही. आदल्या दिवशी मी एकट्यानं लावून बघितलं. डावं पडलं. परत लावलं, परत डावं. गावासमोर लावताना मी डाव्या फुलाखाली गूळ लावला. उजवं पडलं, चांगभलं झालं. आबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकलेला. त्यांनी विचारलं, उजवा पडला का रं? मी म्हणालो, व्हय. ते म्हणाले, मग त्याची मर्जी, आणि कुऱ्हाडीला कुंकू त्यांनीच लावलं. त्यानंतर ते बनाकडं गेलेच नाहीत. मरेपर्यंत सांगत होते, माझ्या पोराच्या हातात देव बोलतो.

मी नागापूरला एका कारखान्यात माळीकाम करतो. यंदा तिथं मशीन बसवायला जपानी साहेब आले. नव्या शेडच्या जागेत एक लिंब आडवा येत होता. साहेबांनी तोडणाऱ्याला थांबवलं, लिंबापुढं तांदूळ, मीठ आणि त्यांच्याकडची दारूची बाटली मांडली, दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, परत वाकले. पोरं हसली, आपल्या म्हसोबाचाच भाऊ दिसतोय म्हणाली. साहेबांबरोबर पुण्याची दुभाषी मुलगी होती. ती म्हणाली, यांच्याकडं याला शिंतो म्हणतात. झाडात, डोंगरात, झऱ्यात देव असतो, मूर्ती लागतेच असं नाही, जुन्या झाडाला गवताचा दोर बांधतात, आणि तोडायचंच झालं तर आधी माफी मागतात.

मला आबाच बोलल्यासारखं वाटलं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, हा माळी गुरव हाय, याच्या गावाला देवाचं बन हाय. साहेबांचा चेहरा फुलला, रविवारी बघायला येतो म्हणाले. बन राहिलं नाही, एवढंच सांगायचं होतं मला. तेही जमलं नाही.

रविवारी गाडी मंडपासमोर थांबली. ऊन रणरणत होतं. साहेब चौफेर बघत राहिले. मंडपात बसलेल्या म्हाताऱ्यांना मुलीनं विचारलं, झाडं तोडताना देवाला विचारलं होतं का? माझे चुलते म्हणाले, विचारलं की, ह्यानंच कौल लावला, उजवा पडला. तिनं साहेबांना सांगितलं, आणि साहेब माझ्याकडं वळून कमरेत वाकले. मला.

ते वाकणं मला सोसलं नाही. मी म्हणालो, न्हाई. डावा पडला व्हता, दोनदा. गूळ लावला मी.

 चुलते हसले. म्हणाले, आरं येड्या, आता सांगतोस व्हय! दगडावर मुंग्यांची रांग लागली व्हती, समद्या गावानं बघितली. आमालाबी मंडपच पायजे व्हता.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी गावाला फसवलं. गाव फसलंच नव्हतं. मुंग्या दिसल्या नाहीत त्या एकट्या आबांना.

आता मी कौल लावत नाही. लोक मागतात, मी हात जोडतो. तुम्ही लिहिताय ते लिहा, माझं नाव घालायचं तर घाला, भैरोबा तुमचं भलं करो. फक्त आबांना यात सामील धरू नका. त्यांनी विचारलं होतं.