तळमजला

पुरवणी जबाब

मी, गल्लीत शिवणवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, वय चौपन्न, धंदा कपडे शिवणे, राहणार बसडेपोमागील पिवळी इमारत, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे यजमान व मुलगी असे तिघे राहत होतो. आता दोघी राहतो. यजमान हरवल्याची तक्रार मी याआधी दिलेली आहे. फोटो काढायला शिकणारी मुलगी घरात असून बापाचा एक धड फोटो कसा नाही, असे साहेबांनी आज विचारले, म्हणून हा जबाब देत आहे.

यजमान एका कचेरीत लिफ्टमन होते. सारी नोकरी स्टुलावर बसून लोकांना वर-खाली करण्यात गेली. स्वतः मात्र कधी वर चढले नाहीत, असे मी त्यांना चिडवत असे व तेही हसत. निवृत्त झाल्यावर त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा विसरत, पुढे पुढे मलाही विसरले. खोलीत कोणी आले की विचारत, "कितवा?" कुठलाही मजला सांगितला तरी मान हलवून बसून राहत. "तळमजला" म्हटले की मात्र उठत, कारण तळमजल्यावर त्यांची पाळी संपत असे.

मुलगी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो हा विषय घेतला होता. विकतचा कॅमेरा नको म्हणून तिने स्वतः एक लाकडी पेटी केली व तिला पुढून पत्रा लावून त्याला सुईने भोक पाडले. सुई माझी होती. भोकातून उजेड आत जातो व कागदावर माणूस उमटतो, पण फार सावकाश. तोवर समोरच्याने हलायचे नसते. तिच्या मैत्रिणी लगेच चुळबुळ करत. बाप बसून राही. "बाबांसारखं मॉडेल अख्ख्या वर्गात कोणाकडे नाही," असे ती मिरवत असे. काम झाले की म्हणे, "बाबा, तळमजला." मग हे उठत, भिंतीशी जात आणि तिथे नसलेले दार सरकवत. आम्ही दोघी हसायचो. तेही हसायचे.

ते फोटो मी आज आणले आहेत. एकात तिने भोके वाढवून बघितली म्हणून यजमानांना तीन नाके आहेत. एकात त्यांनी "कितवा?" विचारायला मान फिरवली, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता धूर आहे. मी तिला विचारले होते, "अगं, ह्यात बाप कुठाय?" ती म्हणाली, "आई, तेच तर दाखवायचंय." तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेले. आता कळून उपयोग नाही. मोबाइल समोर धरला की यजमान हातांनी तोंड झाकत, त्यामुळे त्यातही काही नाही. ओळखपत्रावर त्यांना दाट मिशी आहे, ती केव्हाच गेली.

घटनेच्या दिवशी दुपारी मुलीने त्यांना बाजारातल्या चौकात बाकावर बसवले व पेटी समोरच्या कठड्यावर ठेवली. या पेटीत चालणारी माणसे उमटत नाहीत, बसलेला तेवढा उमटतो. तिला ते करून बघायचे होते. मध्येच ढग आला. ढग आला की वेळ वाढवावा लागतो, म्हणून ती वर बघत उभी राहिली. किती वेळ, हे तिला सांगता येत नाही. ऊन पडले तेव्हा बाक रिकामा होता. तिने "तळमजला" म्हटलेले नव्हते. त्याशिवाय ते आजवर कधी उठले नव्हते. "बाबा उठतील असं मनातसुद्धा आलं नाही गं," एवढेच ती म्हणते. मी त्यावर तिला जे बोलले ते लिहून घेऊ नये.

शोधायला धावण्याआधी तिने पेटीचे भोक झाकले. हात आपोआप गेला म्हणते. याचा मला फार राग आला होता, पण त्यामुळेच आतला कागद वाचला. तो तिने न्हाणीघरात लाल दिव्याखाली धुतला. भर बाजाराची दुपार असून फोटोत चौक ओस पडलेला आहे. बाकावर हे आहेत. चेहरा अगदी स्पष्ट, कपाळावरच्या आठ्यांसकट. मात्र अर्ध्यातून उठल्यामुळे पातळ उमटले आहेत, छातीतून बाकाच्या पट्ट्या दिसतात. ते कोणाबरोबर व कोणत्या बाजूला गेले, असे साहेब वारंवार विचारतात. चालणारे त्यात उमटत नाहीत, हे मी पुन्हा सांगते.

अंगात मी शिवलेला राखाडी शर्ट होता. राखाडी दोरा संपल्याने खालचे बटण निळ्या दोऱ्याने लावले होते. फोटोत ते कळत नाही.

दुसरा नसल्याने तोच फोटो जागोजागी लावला आहे. बघणारे मला विचारतात, "कधी गेले हो?" मोठ्या दवाखान्यात एका बेवारस इसमाचे प्रेत दाखवले, ते हे नव्हते. जीव भांड्यात पडायला हवा होता, पडला नाही. निदान शोधणे संपले असते, असे माझ्या मनात आले, हे खरे आहे.

मुलगी कॉलेजला जात नाही. त्या बाकावर जाऊन बसते. दिवस कलला की मी तिला आणायला जाते. काय म्हणून उठवावे ते सुचत नाही, नुसती शेजारी उभी राहते.

मला आता आशा राहिलेली नाही. असे जबाबात लिहीत नाहीत, असे साहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा.

हवालदारांनी वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. एक गोष्ट कामाची नाही म्हणून त्यांनी सोडली होती, ती माझ्या आग्रहावरून इथे घेतली. यजमान कोणाला सापडले आणि त्यांनी "कितवा?" विचारले, तर हाताला धरून ओढू नये. तळमजला म्हणावे. तेही वाचून दाखवले, बरोबर आहे.