बारावा टोनर

न्हाई साहेब, अकरा न्हाई. बारा. लिवा बारा — पेन का थांबलं? तुमी पुण्यास्नं आमच्या ब्लिचिंग पावडरच्या कारखान्यातल्या साठ्याचा फॉर्म भरायला आलाय, आत मोजलंत, अकरा टोनर — त्या क्लोरीनच्या लोखंडी टाक्या — भरले, कबूल हाय. एका टोनरात नऊशे किलो क्लोरीन, म्हंजे अकरांत नऊ हजार नऊशे — दहा टनाला शंभर किलो कमी. लई बेतानं बसवलंय, न्हाई? दहाच्या वर गेलं की सरकारला कळवा, भोंगा बसवा, वस्तीला सांगा हितं काय साठवलंय — आन मालकाला तेच नगं हाय. म्हणून बारावा टोनर टेम्पोत. कुठला टेम्पो? त्यो काय, भिंतीपल्याड, ताडपत्री घातलेला. अंगण या बनाबाईचं हाय, माझं. स्टोअरची किल्ली आन रजिस्टर बी माझ्याकडंच. आन भिंतीपल्याड असला तरी टेम्पो कारखान्याचाच, माल बी कारखान्याचाच.

असं बघू नका. पाच वर्षं मोजणीच्या आदल्या दिवशी म्याच टेम्पो बाहेर काढायला लावतीय. मालक म्हणायचे, बनाबाई, दोन दिवसांचा तर प्रश्न हाय. म्या सातवी शिकलेली — पर मोजायला येतं ना मला? मग डोळ्यांदेखत बारा असताना अकरा का लिवले? तर माझ्या लेकाला, अमृतला, त्याच टेम्पोवर डायवर ठिवलं मालकांनी. बांधलेला पगार, घराला लागून नोकरी — म्हणून लिवले. कुणी धाक न्हाई दाखवला. लाज वाटती, पर खरं हाय ते.

आन मागल्या थंडीत टेम्पोतल्या टोनरचा व्हॉल्व फुसफुसला, क्लोरीन सुटला. अमृत ताडपत्री बांधत व्हता, तिथंच खाली बसला. भोरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी इचारलं, छातीत कशाचा धूर गेला? — म्या म्हणलं, शेकोटीचा. व्हय, म्याच. कागदावर अंगणात काय नव्हतंच, मग नसलेल्याचं नाव कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी सुनंनं, प्रेरणानं, खरं सांगितलं, तवा कुठं नीट इलाज सुरू झाला. आता चार पायऱ्या चढला तरी दम लागतो त्याला. डायवरकी गेली. प्रेरणा अजून माझ्याशी धड बोलत न्हाई — हे तुमाला सांगायचं नव्हतं, ऱ्हाऊ द्या.

फोन वाजतोय तुमचा. मालकच असतील, घ्या. सांगा, बाई ऐकत न्हाई. किल्ली टेबलावर ठिवलीय, मला कामावरनं काढायचं तर काढा. पर रजिस्टरात बारा लिवून म्या सही केलीय, आन पानाचा फोटो प्रेरणाच्या मोबाईलवर गेलाय. शेजारच्या रतनबाईला बी सांगून आले सकाळी — तिची नातवंडं त्याच टेम्पोच्या सावलीला खेळत्यात.

का घेत न्हाई फोन? बरं, नका घेऊ. दवाखान्यात इचारलं तवा म्या खोटं बोलले. आज तुमी इचारलंय — बारा. लिवायचं नसंल तर कागद गोळा करा आन उठा, साडेचारची एसटी गाठायची हाय तुमाला.