सामाईक अँटेना हातातून का सुटला याबाबत

जबाब देणार: मुंग्या (खरे नाव आईशिवाय कोणी वापरत नाही), वय ३२ वर्षे, धंदा टीव्ही व रेडिओ दुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आईसोबत.
दिनांक १४ मार्च १९९१, गुरुवार, संध्याकाळी पावणेआठ.

समक्ष हजर राहून सांगतो की, पडद्यावर चित्राऐवजी मुंग्या दिसायला लागल्या की लोक मला बोलावतात, त्यावरून हे नाव पडले. माझ्यावर याआधी कसलाही गुन्हा नाही. दारू पीत नाही. आज तर चहासुद्धा घशाखाली उतरला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माझ्या दुकानासमोरच्या चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर एक शिंपीण राहते, वय २९. मालिकेतल्या नायिकेसारखे खांद्यात पॅड घातलेले कपडे सध्या अख्खी गल्ली तिच्याकडून शिवून घेते. त्यामुळे तिच्या दारातून एका वेळी एकच बाई जाऊ शकते. ‘डोकं चालवा’ या टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमात तिची निवड झाली होती. १ फेब्रुवारीला सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बसने ती चित्रीकरणासाठी गेली. तिची पिशवी पोचवायला मी थांब्यावर गेलो होतो. पिशवी अगदी हलकी होती. बस सुरू झाल्यावर मी खिडकीतून तिला लग्नाचे विचारले. त्याआधी विचारायला वेळ होता, साधारण दोन वर्षे, पण धीर होत नव्हता. ती म्हणाली, “आत्ता विचारतोस होय? कार्यक्रम बघ. त्यातच सांगते.” बस निघून गेली.

साहेबांना कार्यक्रम माहीत नाही म्हणून सांगतो (हवालदारांना माहीत आहे). जो स्पर्धक बाद होतो, त्याला घरच्यांना निरोप द्यायला दहा सेकंद मिळतात. बहुतेक जण आईला नमस्कार सांगतात, काही नुसते रडतात. जो जिंकतो त्याला स्कूटर मिळते, निरोप मिळत नाही. म्हणजे ती जिंकली तर माझे उत्तर राहून जाणार होते. अख्खी इमारत तिने जिंकावे म्हणून देव पाण्यात घालून बसली होती आणि तिने हरावे असे वाटणारा मी एकटा होतो. मला माझी लाज वाटत होती, पण वाटत होते ते वाटत होते.

कार्यक्रम दाखवेपर्यंत निकाल फोडायचा नाही असा नियम असून तिने तशी सही दिली होती. मधल्या सहा आठवड्यांत मी तिच्याकडे रेडिओ, इस्त्री आणि एक चांगला चालणारा पंखा दुरुस्त करायला गेलो. प्रत्येक वेळी ती “नियम आहे” एवढेच म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ लावता लावता मी दोन गिऱ्हाइकांचे रेडिओ एकमेकांना देऊन टाकले.

आज कार्यक्रम साडेसहाला होता. मी सहालाच दुकान बंद करून टीव्हीसमोर बसलो. सव्वासहाला ती स्वतः धावत आली. म्हणाली, “वाऱ्याने अँटेना आडवा झालाय. सगळ्या घरात मुंग्या. आधी चल.” ती बोलावते म्हटल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

गच्चीवर पाहतो तर अँटेनाची लोखंडी पकड गंजून तुटलेली. दुसरी आणायला वेळ नव्हता. मी कठड्यावर चढलो, दांडा खांद्यावर घेतला आणि दोन्ही हात पसरून अँटेना धरला. खालून आरडाओरडा झाला, “आलं! आलं! आता श्वाससुद्धा घेऊ नकोस!” मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या हातात देऊन पाहिले, तर चित्र गेले. मी धरले की येत होते. याला शास्त्रीय कारण आहे, पण ते लिहायला कागद पुरणार नाही असे साहेब म्हणतात.

अशा रीतीने ज्याला कार्यक्रम बघायचाच होता तो गच्चीवर आणि बाकी सगळे शिंपिणीच्या खोलीत, तिच्यासकट. मास्तरांच्या बायको खोलीच्या दारातून जिन्यात ओरडत होत्या आणि मास्तर ते गच्चीच्या दारातून मला सांगत होते. मास्तर थोडक्यात सांगत. “पहिलं बरोबर.” “दुसरं बरोबर, छान दिसतेय.” “तिसरं बरोबर. अरे, तुझा चेहरा का पडला?” मी हात दुखतोय म्हणून सांगितले.

समोरच्या दंतवैद्यांना खिडकीतून एक माणूस कठड्यावर हात पसरून उभा दिसला. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांची यात चूक नाही. ६ वाजून ५२ मिनिटांनी जीप आली. साहेब कर्ण्यावरून म्हणाले, “जीव असा वाऱ्यावर सोडू नका. खाली या.” मी म्हणालो, “जाहिराती लागल्याशिवाय येता येणार नाही.” साहेबांनी विचारले, “प्रेमाची भानगड आहे का?” मी म्हणालो, “आहे, पण निकाल लागायचाय.” त्यामुळे गैरसमज वाढला. साहेबांनी हवालदारांना इमारतीत पाठवले. ते कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. मध्ये एकदा त्यांचा आवाज ऐकू आला, ते एका प्रश्नाचे उत्तर ओरडत होते. उत्तर चूक होते. माझी याबाबत तक्रार नाही.

सात वाजता शेवटचा प्रश्न आला. दोघेच स्पर्धक उरले होते. मास्तर ओरडले, “प्रश्न शिवणयंत्राचा आहे! सुईचं भोक कुठल्या टोकाला? जिंकलीच म्हणून समज!” मी डोळे मिटले. हा प्रश्न तिला झोपेत विचारला असता तरी ती चुकली नसती. मग इमारतीतून असा आवाज आला की जणू चारही मजले एकदम मटकन खाली बसले. मास्तर म्हणाले, “वरच्या टोकाला म्हणाली रे! रोज ओवते ती सुई! गेली स्कूटर!”

तेव्हा मला कळले. एकट्यालाच कळले. माझ्या अंगाला असा कंप सुटला की खालून ओरडले, “चित्र हलतंय!” मी जिवाच्या आकांताने दांडा आवळून धरला. मास्तर जिन्यात वाकून ऐकत होते. नंतर ते वळले आणि म्हणाले, “निरोप कसला, एकच शब्द बोलली. ‘हो.’ बाकीचे नऊ सेकंद नुसती हसत होती. कुणाला हो, ते कुणालाच कळेना. तुला काही ठाऊक आहे का रे?”

मी दोन्ही हात वर केले. कारण विचाराल तर, आनंद झाला.

अँटेना खाली जीपच्या टपावर पडून लाल दिवा फुटला, हे कबूल आहे. दिवा मी नवा बसवून देतो. त्याच क्षणी सगळ्या घरांतले चित्र गेले आणि खोलीतल्या चाळीस माणसांनी एकदम छताकडे पाहिले, असे हवालदार सांगतात. कुणाला हो, ते तेव्हा सगळ्यांना कळले. शिंपीण गच्चीवर आली. मी म्हणालो, “मी ऐकलं नाही. परत एकदा सांग.” ती म्हणाली, “सगळ्या देशासमोर सांगितलंय. त्यासाठी स्कूटर घालवली. आता परत सांगणार नाही.” एवढ्यात साहेबांनी वर येऊन माझा दंड धरला. ती सध्या ठाण्याबाहेरच्या बाकावर बसली आहे, तरी लवकर आटोपावे ही विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘हो’ असलेला भाग मी तीन वेळा वाचायला लावला, कारण तो मी माझ्या कानांनी ऐकलेला नाही. तिन्ही वेळा ‘हो’च निघाले. बरोबर आहे. सही करतो.